तेलघाणीकडचा तबला

सौंसरच्या आमच्या संगीत महाविद्यालयाला कुलूप लागलेलं मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या कुलपासमोर आणखी एक जण उभा होता. एका बगलेत तबला, दुसरीत डग्गा, कपाळावर घाम.

"बंद हाय," तो म्हणाला.

"हो, ते दिसून राहिलं मला."

"नाई... म्हणजे, मी फक्त सांगतलं."

तो दत्तात्रय होता. रामाकोन्याच्या शेतकरी घरातला, सौंसरच्या प्राथमिक शाळेत मुलांना पाढे शिकवणारा. दोन वर्षं आम्ही एकाच वर्गात बसत होतो आणि एवढं लांबलचक बोलणं आमच्यात प्रथमच झालं! यात नवल नाही. आमचं महाविद्यालय म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पाटी मोठी, खोल्या लहान, आणि शिस्त दोन्हींपेक्षा मोठी. पुढे आम्ही मुली बसायचो, तोंड पुंडलिकराव मास्तरांकडे. मागे मुलं, त्यांच्यापुढे आमच्या पाठी. कुणी वळून पाहिलं, की मास्तर सगळ्यांदेखत विचारायचे, "काय हरवलं बाई?" मग कोण वळतं!

मागे दोन तबले वाजायचे, एक श्रीधरचा आणि एक या दत्तात्रयचा. त्यातला दत्तात्रयचा कोणता हे मला पक्कं ठाऊक होतं. ज्याला बोलणी बसतात, तो. "दत्तात्रय, लय ओढतोस!" हे वाक्य दर वर्गात एकदा तरी यायचंच, आणि आम्ही मुली पदर तोंडाला लावून हसायचो.

सत्तावन्न सालचा पावसाळा नुकता रुळला होता. तापाची साथ गावोगाव फिरत होती. मी तिच्यातून उठून पांढुर्ण्याहून, माझ्या आईवडिलांकडून, पुन्हा मावशीकडे सौंसरला आले होते. हा पेरणीसाठी रामाकोन्याला गेला होता. म्हणून मधल्या काळात गावात काय घडलं, ते आम्हा दोघांनाच माहीत नव्हतं.

"अरे, दवंडी ऐकली नाही का तुम्ही?" समोरच्या घराच्या खिडकीतून पुंडलिकराव मास्तर ओरडले. गळ्याला मफलर, हातात काढ्याची वाटी. "एका खोलीत चार माणसांच्या वर बसायचं नाही. साथ आहे. वर्ग बंद."

"अन् परीक्षा, मास्तर?" मी विचारलं. शेवटचा विषय समूहवादन होता. अकरा जणांनी एकत्र बसून वाजवायचा.

"परीक्षा!" मास्तरांनी काढा एका घोटात संपवला. "नागपूरवाल्यांना विचारलं, तर म्हणतात, तुमचा तालुका आता मध्यप्रदेशात राहिला, जबलपूरला लिहा. जबलपूरला लिहिलं, तर म्हणतात, समूहवादनाच्या जागी निबंध लिहून घ्या. निबंध लिहून कोणाचा सूर लागला आहे आजवर? मी दुसरी सोय केली आहे."

सोय अशी होती. संध्याकाळी नागपूरकडे जाणारी छोटी गाडी स्टेशनातून सुटताना शिट्टी मारते. ती गावभर ऐकू येते. शिट्टी झाली, की ज्याने त्याने आपापल्या घरी, खिडकी उघडून, भूपाची गत सुरू करायची. मास्तर छत्री घेऊन गल्लीगल्लीतून ऐकत फिरणार. आठवडाभर सराव, आणि शनिवारी अशीच, घरोघर परीक्षा.

"पण मास्तर, गाडी तं रोज लेट राहते," दत्तात्रय म्हणाला.

"मग तुम्हीही लेट. सगळे मिळून लेट झाले, की त्यालाच समूह म्हणतात!"

खिडकी बंद झाली. आम्ही दोघं एकाच वाटेनं निघालो, पण मधे एक बैलगाडी सहज जाईल एवढं अंतर ठेवून. थोडं चालल्यावर माझ्या लक्षात आलं, की हा माझ्याच गल्लीकडे येतोय.

"तुम्ही स्टेशनवर नाही जात? रामाकोन्याला?"

"साथीत रोज गाडीनं येणं-जाणं नोको म्हणते बाबा. काकाजीच्या तेलघाणीवर माडी हाय, तिथंच राहून राहिलो आता."

"तेलघाणी... म्हणजे आमच्या मावशीच्या मागची?"

"हो न. तुमची मावशी सकाळी-सकाळी कोणाले तरी बोलत राहते. सारं ऐकू येते."

"मलाच बोलते."

तो हसला. मोठ्यानं नाही, नुसता खाली बघून. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरा हसायचा.

आता श्रीधरचं सांगते, कारण खरा गुंता तिथं होता.

श्रीधर बाजारलाइनीतल्या कापूसवाल्यांचा मुलगा. दिसायला देखणा, बोलायला गोड. राज्यं वेगळी झाल्यावर त्याच्या घरच्यांनी धंदा नागपूरला हलवायचं ठरवलं होतं, आणि त्याच घाईत माझ्यासाठी मागणी घातली होती. माझे बाबा पांढुर्ण्याला हेडमास्तर. त्यांना हे स्थळ फार पसंत पडलं. "सरकारनं आपलं गाव इकडे ठेवलं, त्यात आपलं काही चाललं नाही," ते म्हणाले, "निदान पोरगी तरी नागपुरात जाऊ दे." पण बाबा सक्ती करणारे नव्हते. शनिवारी ते परीक्षा ऐकायला येणार होते, आणि तेव्हाच मी काय ते उत्तर द्यायचं होतं.

उत्तर माझ्याकडे तयार होतं. होकार!

त्याचं कारण नागपूर नव्हतं, आणि श्रीधरचं देखणेपणही नव्हतं. कारण तबला होता. गतीच्या अंतऱ्यात एक लांब मींड येते, सूर न तोडता घसरत न्यायची, तिथे माझ्या दिलरुब्याचा गज नेहमी अडखळायचा. आणि त्याच क्षणी मागचा एक तबला हलकेच ठेका सैल करायचा. मी समेवर पोचेपर्यंत माझ्यासाठी थांबायचा. कुणी काही न बोलता हात धरून ओढा पार करून द्यावा, तसं वाटायचं. श्रीधर माझ्या बरोबर मागे बसायचा. जिना उतरताना म्हणायचा, "आज सांभाळून घेतलं बरं का तुम्हाला!" झालं. दोन वर्षं मी त्या तबल्यावर जीव लावून बसले होते, आणि तो तबला श्रीधरचा आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

त्या संध्याकाळी मी मावशीच्या माडीवर दोन्ही खिडक्या उघडल्या, एक पुढची, बाजाराकडची, आणि एक मागची, तेलघाणीकडची. गाडीचा पत्ता नव्हता. कुठून तरी पेटीचा एक चुकार सूर यायचा आणि लाजून गप्प बसायचा. मग लांबून शिट्टी झाली, आणि सारं सौंसर एकदम वाजायला लागलं. मारुतीच्या देवळामागून पेटी, शाळेकडून व्हायोलिन, कुठून तरी बासरी. रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा थांबल्या.

पुढच्या खिडकीतून श्रीधरचा तबला आला. चमकदार, घाईचा. मागच्या खिडकीतून दुसरा, शांत.

अंतरा आला. मींड आली. गज अडला.

बाजारलाइनीतला तबला तसाच पुढे पळत गेला. आणि मागच्या खिडकीतून, तेलघाणीकडून, ठेका हलकेच सैल झाला... माझ्यासाठी थांबला.

माझा हात जागच्या जागी राहिला. मी एकदा पुढच्या खिडकीकडे पाहिलं, एकदा मागच्या. बाजार इकडे, तेलघाणी तिकडे. वर्गात दोन्ही तबले पाठीमागेच असायचे, एकमेकांपासून दोन हातांवर. इथे मधे अख्खं गाव होतं. "दत्तात्रय, लय ओढतोस!" मास्तरांचं ते वाक्य आठवलं आणि माझे कान तापले. तो लय ओढत होता, ती माझ्यापायी.

"काय झालं वं?" खालून मावशी ओरडली. "बंद काऊन पडली?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागची खिडकी उघडली. समोरच्या माडीत तो तबल्याला पावडर लावत बसला होता. मधे फक्त मावशीचं परसू आणि त्यातलं लिंबाचं झाड.

"काल मींडेवर ठेका कोणी ओढला?" मी थेट विचारलं.

तो दचकला. "मी... चुकून."

"दोन वर्षं चुकून?"

त्यानं पावडरीच्या डब्याचं झाकण फिरवलं. "तुमचा गज अटकते न तिथं. मंग तुमचा चेहरा... म्हणजे, चेहरा तं दिसत नाई. पाठ दिसते. पाठ एकदम कडक होऊन जाते तुमची. मले नाई पाहवत."

"मास्तर एवढं बोलत होते, तर सांगितलं काऊन नाही त्यांना?"

"सांगतलं असतं, तं बोलणी तुमाले बसली असती."

"मी हसत होते तुम्हाला," मी कशीबशी म्हणाले.

"मालूम हाय. साऱ्या पोरीत तुमचंच हसू वेगळं ऐकू येई. बरं वाटे."

आता यावर रागवायचं कसं, तुम्हीच सांगा! मी खिडकी लावून घेतली आणि खिडकीमागे उभी राहून उगीचच हसत बसले.

पुढचे दिवस सोन्याचे होते. सकाळी खिडकीत दोन वाक्यं, संध्याकाळी गत. मला खोड काढायची लहर आली. मुद्दाम, जिथे कधीच अडत नाही तिथे मी गज अडवला. तेलघाणीकडचा तबला बिचारा थांबला. पुढच्या आवर्तनात पुन्हा अडवला. पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा मात्र त्यानं ओळखलं. तो थांबला तर नाहीच, वर असा एक खट्याळ तुकडा टाकला, की मी खरीच चुकले! गल्लीतून छत्री वर झाली.

"कोण थट्टा करून राहिलं रे तिकडे? परीक्षा आहे शनिवारी!"

माडीवर मी तोंडात पदर कोंबला. समोरच्या खिडकीत तो तबल्यावर वाकून गदागदा हसत होता.

शुक्रवारी सकाळी मात्र त्याची खिडकी अर्धीच उघडी होती.

"उद्या मी थांबणार नाई," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

"काऊन? मास्तरांना भ्याले?"

"तुमचे बाबा येऊन राहिले न उद्या. श्रीधरभाऊची मागणी... गाव लहान हाय, मालूम पडते." "चांगलं घर हाय. नागपुरात तुमच्या मागं मी राहीन थोडीच. आतापासूनच सवय करा."

"अहो, पण—"

खिडकी लागली.

मला असा संताप आला, की लिंबाचं झाड उपटून त्या खिडकीवर फेकावंसं वाटलं! दोन वर्षं न सांगता थांबला, आणि आता न विचारता निघालासुद्धा. माझं उत्तर मला न विचारता देऊन मोकळा! मी रडले. मावशीनं विचारलं, तर कांदा चिरत होते म्हणून सांगितलं. मावशी म्हणाली, "आज तं चतुर्थी हाय, कांदा कोणी आणला घरात?"

शनिवारी दुपारच्या मोटरनं बाबा आले. चहा झाला, ख्यालीखुशाली झाली. बाबा ओसरीवर खुर्ची टाकून बसले. "तुझं वाजवून होऊ दे," ते म्हणाले, "मग बोलू. श्रीधरच्या वडिलांना आजच सांगायचं आहे." बारीक पाऊस लागला होता. गाडी नेहमीसारखी लेट.

एकदाची शिट्टी झाली.

पेटी सुरू झाली. व्हायोलिन आलं, बासरी आली. बाजारातून श्रीधरचा तबला तडतडत निघाला. मागची खिडकी मात्र बंद. तिथून काहीच नाही.

रुसला, मी मनात म्हटलं. इतका? परीक्षा सोडण्याइतका?

तेवढ्यात परसातून मावशीची हाक आली. "सुनंदे! त्या पोराले ताप भरला म्हणते पंचफुला! दुपारपासून पडून हाय म्हणते!" पंचफुला म्हणजे त्याची काकू.

गाव वाजत होतं. माझ्या हातात गज होता, आणि परीक्षा चालू होती. मी गज तारेवर टेकवला आणि षड्ज लावला, नुसता षड्ज. लांब, सरळ, तेलघाणीकडे तोंड करून. पुढे गेलेच नाही. सगळ्यांची स्थायी झाली, अंतरा लागला. माझा आपला षड्ज. हात भरून आला, तरी सोडला नाही.

गल्लीत छत्री येऊन थांबली.

"सुनंदा!" मास्तर ओरडले. "गत कुठं आहे?"

"येईल मास्तर. तबला यायचा आहे."

"तबला बाजारातून केव्हाचा वाजतो आहे!"

"माझा तबला तो नाही!"

बोलून गेले. ओसरीवर बाबांची खुर्ची करकरली. समोरच्या घरातल्या बायका दारात आल्या. आता मागे फिरायची सोय नव्हती, आणि खरं सांगू? फिरायचं नव्हतंच.

मागची खिडकी करकरत उघडली. घोंगडीत गुंडाळलेला, डोळे लाल, केस विस्कटलेले... दत्तात्रय. त्यानं सगळं ऐकलं होतं. एकदा माझ्याकडे नीट पाहिलं. खाली बघून नाही, सरळ. मग त्यानं ठेका धरला.

मी गत सुरू केली. साऱ्या गावाची संपत आली होती तेव्हा आमची सुरू झाली. मींड आली. माझा गज त्या दिवशी अडला नाही, पण त्याचा हात मात्र थकून मधेच रेंगाळला. मी सूर धरून ठेवला, तो समेवर येईपर्यंत. आम्ही बरोबरच पोचलो.

खाली मास्तरांनी छत्री मिटली. "लयीत दोघंही नापास," ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले. "समूहवादनात दोघंही पास. आता याची बेरीज जबलपूरवाल्यांनी करावी!"

मी जिना उतरले. बाबा उभे होते.

"तो तबला तुझा नाही, म्हणजे काय?"

"म्हणजे श्रीधरच्या वडिलांना नाही म्हणून सांगा, बाबा."

"नागपूर आहे सुनंदा ते. विचार कर."

"केला. नागपूर चांगलंच आहे. पण मला हा आवडतो."

एवढं मोठं वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. बाबांनी पावसाकडे पाहिलं. त्यांनी मनातल्या मनात नागपूर पुन्हा एकदा हातचं सोडलं असावं. मग त्यांनी मावशीकडे पाहिलं.

"घर आपल्यातलंच हाय, भाऊजी," मावशी म्हणाली. "मातीचं हाय, पण आपल्यातलं हाय. अन् पोरगा लाखात एक हाय. सकाळी मी एवढी बडबडते, एका दिवशी उलटून बोलला नाई."

"त्याला काय म्हणायचं आहे, ते विचारलंय का कोणी?" बाबा म्हणाले. आणि मग, "मला जोडे द्या. चला, आधी ताप तर बघून येऊ."

मला ताप येऊन गेला होता, म्हणून वर जायची परवानगी मलाच मिळाली. मावशीनं भाताची पेज दिली. खाली घाणीपाशी बाबा आणि काकाजी बसले. माडीवर तो डोळे मिटून पडला होता. मी वाटी ठेवली, तसे डोळे उघडले.

"तुमी असं सगळ्यांपुढं... काऊन बोलल्या?"

"तुम्ही खिडकी लावून घेतली म्हणून. मग ओरडूनच बोलावं लागलं."

"पण मी तं... मले वाटलं, तुमाले नागपूर—"

"विचारलं होतं मला?"

त्यानं मान हलवली. नाही. "विचारू आता?"

"पेज खाऊन विचारा."

त्यानं एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "मले तुमी आवडता," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. पाठमोऱ्या. आता समोरून तं... बोलता येत नाई काई."

मी उत्तर देणार, तेवढ्यात खालून बाबांचा आवाज आला. रामाकोन्याला शेत किती, विहिरीला पाणी किती, संत्र्याची झाडं किती? काकाजी ठणकावून सांगत होते, "चारशे हायेत, गुरुजी! चारशे!"

दत्तात्रय ताडकन उठून बसला. "चारशे? दीडशेच्या वर एक नाई हाय! सांगून येतो मी त्याइले. खोटं हाय न ते!"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुन्हा खाली निजवलं. खांदा तापानं भाजत होता, पण मी हात काढला नाही.

"पडून राहा गुमान," मी म्हणाले. "बाकीची अडीचशे आपण लावू."

"आपण?"

"हो. आपण."